सेऊलवाल्यांनी टीम नेली, मंग २००० सालची ट्रॉफी कोनाची? कोरियन फुटबॉलवाले कोनी आहे का इथी

संत्रा_बगीचा
राजेहो, इथी कोनी कोरियाची फुटबॉल पायते का? हसू नका बाप्पा, प्रश्न सिरीयस आहे. आमचं गाव वरूड तालुक्यात, थ्री फेजची लाइन रात्री असते, मंग ओलीत करायले मी आन् माहा भाचा दोघंही बगीच्यात, तो दांडावर बसून मोबाईलवर के-लीगच्या हायलाइट्स लावते. तो लिंगार्ड, मँचेस्टर युनायटेडवाला, २०२४ ले एफसी सेऊलमधी गेला ना, तवापासून पोट्ट्याच्या डोक्यात हे खूळ भरलं, अन् आता मलेही सवय लागली, खोटं कायले बोलू.

तर सेऊलनं लीग कितीदा जिंकली पायलं तर सहादा दिसते, १९८५, १९९०, २०००, २०१०, २०१२ अन् २०१६. पन २००० सालच्या पुढं क्लबचं नाव लिहिलं आहे आन्यांग एलजी चीताज. अन् आन्यांग नावाची एक टीम आज जांभळी जर्सी घालून सेऊलच्याच विरुद्ध खेळून रायली! भाचा म्हन्ते मामा क्लब एकच, नाव बदललं. मी म्हन्तो बे मंग समोर कोन उभं हाय? पान्याचा दांड फुटला पन आमचं भांडन काही मिटलं नाई. जाणकारांनी सांगावं.

पऱ्हाटी_अन्_पेनल्टी
भाच्याचंही बरोबर अन् तुमचंही बरोबर, म्हणूनच तिकडं वीस वर्षांपासून हे धुमसून रायलं.

मुळात हा कंपनीचा क्लब. १९८३ च्या डिसेंबरात लकी-गोल्डस्टार कंपनीनं काढला, तेच गोल्डस्टार जे पुढं एलजी झालं. टीमचं नाव ह्वांगसो म्हणजे बैल, शंकरपटात शोभलं असतं. १९८४ पासून लीगमधी, सुरुवातीले घर होतं चुंगचॉन्ग भागात. १९८५ ले लीग मारली, तवा थायलंडचा पियापोंग त्यांचा स्ट्रायकर, त्या सीझनले सगळ्यात जास्त गोल त्याचे अन् सगळ्यात जास्त असिस्टही त्याचेच. १९९० ले बिऱ्हाड सेऊलले आणलं, त्याच वर्षी परत चॅम्पियन. १९९१ ले बैलाचा चित्ता झाला, म्हणजे एलजी चीताज.

आता इथून गाडी घसरते. १९९५ पर्यंत एकट्या सेऊलमधी तीन क्लब, एलजी, इल्ह्वा अन् युकोंग, तिघंही डोंगदेमुनच्या एकाच स्टेडियमवर. लीगनं ठरवलं फुटबॉल सगळ्या देशात पसरला पाहिजे, राजधानी खाली करा. १९९६ ले इल्ह्वा गेला चॉनानले, युकोंग बुचॉनले अन् एलजी आन्यांगले. आन्यांग म्हणजे सेऊलच्या दक्षिणेकडे, मेट्रोनं जाता येते इतक्या जवळ, साडेपाच लाखाच्या आसपास वस्ती.

तिथं आठ सीझन काढले अन् ते आठ सीझन लोकांनी डोक्यावर घेतले. बाजूलाच सुवॉन, तिथं सॅमसंगचा क्लब १९९६ लेच लीगमधी उतरला होता, म्हणजे एका गावात एलजी, दुसऱ्या गावात सॅमसंग, मधात जिजिदे नावाची टेकडी, म्हणून त्या मॅचचं नावच जिजिदे डर्बी. टीव्ही-फ्रीजच्या दुकानातलं भांडन सरळ मैदानात! २००० ले आन्यांग चॅम्पियन, चोई योंग-सू त्या वर्षीचा बेस्ट प्लेयर. ली यंग-प्यो, जो पुढं टॉटनहॅमले खेळला, तोही त्या टीमचा. २००२ ले आशियाई क्लबांच्या फायनलमधी तर आन्यांगच्या समोर सुवॉनच, तेही तेहरानमधी, अन् पेनल्टीवर हारले.

मंग २००२ चा वर्ल्डकप कोरिया-जपानमधी झाला. सेऊलमधी ६६ हजार मानसं बसतीन एवढं नवं स्टेडियम, अन् खेळायले घरचा क्लबच नाई. २ फेब्रुवारी २००४ ले एलजीनं जाहीर केलं आम्ही सेऊलले चाललो. आन्यांगचे फॅन रस्त्यावर उतरले, काही उपयोग झाला नाई. टीम गेली, प्लेयर गेले, रेकॉर्ड गेले, एलजीतून जीएस ग्रुप वेगळा झाला तवा क्लब त्यांच्या वाट्याले आला. म्हणून कागदावर २००० सालची ट्रॉफी एफसी सेऊलची. आजची एफसी आन्यांग नवी टीम हाय, शहराच्या पैशानं चालते, ते लोक ती ट्रॉफी आपल्या नावावर लावत नाईत.

नागपुरी_गोलकी
बरोब्बर लिहिलं भाऊ, पण एक बाजू राहिली. सेऊलवाले म्हणतात आम्ही "गेलो" नाही, "परत आलो". १९९० पासून आम्ही सेऊललाच होतो, १९९६ ला लीगच्या नियमानं हाकललं, संधी मिळाली तसे घरी आलो, यात चोरी कुठं आली? आणि ट्रॉफी गावाचीच म्हणायची असेल तर १९८५ ची चुंगचॉन्गला द्या, १९९० ची सेऊलला ठेवा, फक्त २००० ची आन्यांगला, मग वाटणीपत्रच करावं लागेल, सातबारा फोडल्यासारखं. मला विचाराल तर चूक लीगची आहे, आधी क्लबला उचलून दुसऱ्या गावात लावलं, गावानं पाणी घालून जगवलं, आणि मग उपटून न्यायची परवानगीही त्यांनीच दिली.

आणि हे एकदाच झालं नाही. बुचॉनला गेलेला युकोंग पुढं एसके झाला आणि २००६ ला थेट जेजू बेटावर. तिथल्या फॅन लोकांनीही स्वतःचा क्लब काढला, नावातच साल आहे, बुचॉन एफसी १९९५.

खारपाणपट्टा
फुटबॉलमधलं मले काही समजत नाई, कबड्डीवाला मानूस हावो मी. पन हे वाचून एक आठवलं. आमच्या गावात जिनिंगवाल्या एका शेठनं कबड्डीची टीम उभी केली होती, पोट्टे गावातले, मैदान गावातलं, चुना मारायचे गावातलेच लोक, शेठ फक्त निकर-बनियन अन् जेवनखान द्यायचा. चार वर्षं तालुक्यात आमच्या टीमसमोर कोनी टिकत नव्हतं. मंग शेठनं जिनिंग तालुक्याच्या गावी नेली, टीमही नेली, पाच पोट्टे नोकरीच्या आशेनं गेले. एक दिवस जीप आली अन् समाजमंदिराच्या आलमारीतल्या सगळ्या शील्डा घेऊन गेली. एक राह्यली, कावून का गुरुजींनी ती पॉलिश कराले घरी नेली होती. आजही त्याईच्या देवळीत आहे, शेठच्या फर्मचं नाव खरडून काढेल, खाली गावाचं नाव खिळ्यानं कोरलं, तेही वाकडं.

पुढच्या वर्षी आम्ही उरलेल्या पोट्ट्याईची टीम केली, पयलीच मॅच त्याईच्याच विरुद्ध. हारलो. दनकून हारलो. पन गाव तीन ट्रॅक्टर भरून गेलं होतं.

पवनीवाला
खारपाणपट्टा भाऊ, तुमची दणकून हार वाचली अन् २०१७ आठवलं. आन्यांगलाही सेऊलसमोर असंच उभं राहावं लागलं, त्याची तारीखवार गोष्ट सांगतो, पण आधी नावाचं.

आन्यांग म्हणजे काय माहीत आहे का? सुखावती! अमिताभ बुद्धाची सुखावती, म्हणजे त्यांचं सुखाचं जग, स्वर्गच म्हणा, तिचंच चिनी लिपीतलं नाव. आणि तिथले फॅन मैदानात ओरडतात ते "सुखावती आन्यांग", उच्चार त्यांचा "सुकाबाती" सारखा येतो. मी पवनीचा, स्तूपाच्या टेकडीवर खेळत मोठा झालो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून परत लावला, वाटलं कानात काही गडबड झाली.

तर २००४ नंतर गावात प्रो टीमच नाही. फॅन ग्रुप मात्र मोडला नाही, ए.एस.यू. रेड त्यांचं नाव, लाल रंग एलजीच्या काळातला. शहराच्या कौन्सिलच्या मागं लागून लागून २०१२ मध्ये मंजुरी मिळवली, आणि क्लबची स्थापना कोणत्या दिवशी केली? २ फेब्रुवारी २०१३. बरोबर त्याच तारखेला, नऊ वर्षांनी. रंग जांभळा घेतला कारण आन्यांग एकेकाळी द्राक्षांसाठी प्रसिद्ध होतं. म्हणजे समजा वरूड-मोर्शीनं टीम काढली तर जर्सी नारंगी. फॅन ग्रुपच्या नावात मात्र रेड तसंच ठेवलं, जांभळ्या जर्सीचे लाल फॅन.

दुसऱ्या डिव्हिजनमधून सुरुवात. १९ एप्रिल २०१७ ला कोरियाच्या एफए कपमध्ये पहिल्यांदा सेऊलच्या मैदानावर सेऊलशी सामना, फॅननी लाल फ्लेअर पेटवले, पण २-० नं हरले. २०२२ तर विचारूच नका. वर चढायची प्लेऑफ, समोर कोण तर सुवॉन, तोच जिजिदेवाला! पहिली मॅच ०-०, दुसरी १-१, एक्स्ट्रा टाइम, आता पेनल्टी होणार म्हणून सगळे श्वास धरून, आणि १२० व्या मिनिटाला ओ ह्यॉन-ग्यूनं गोल मारला. मला कोरियन येत नाही, पण समालोचकाचा आवाज ऐकूनच समजलं काय झालं ते. पुढच्याच वर्षी सुवॉन स्वतः खाली पडलं ही गोष्ट वेगळी, बरं वाटलं म्हणालो तर पाप लागेल.

शेवटी २ नोव्हेंबर २०२४. एक पॉइंट पाहिजे होता, मॅच ०-० सुटली आणि आन्यांग दुसऱ्या डिव्हिजनचा चॅम्पियन, पहिल्यांदा वर. आणि मॅच कुठं होती? बुचॉनमध्ये. वर नागपुरी भाऊनी सांगितलं तेच बुचॉन, तेही टाकलेलं गाव. आन्यांगच्या महापौरांनी केस जांभळे केले होते, फोटो शोधा, मिळेल.

२२ फेब्रुवारी २०२५ ला लीगमध्ये पहिल्यांदा सेऊल विरुद्ध आन्यांग झाली. सेऊल २-१ नं जिंकलं, एक गोल तुमच्या लिंगार्डचाच.

संत्रा_बगीचा
पवनीवाले भाऊ, सुखावतीचं वाचून अंगावर काटा आला. भाच्याले सगळं वाचून दाखवलं, लिंगार्डचा गोल ऐकून आधी खुश झाला, मंग खारपाणपट्टा भाऊच्या शील्डचं ऐकून गप बसला. आता म्हन्ते मामा मी सेऊल सोडतो, आन्यांग धरतो, पन जांभळी जर्सी कुठी भेटन? मी म्हटलं तुह्या बापाची पोळ्यातली बैलाची झूल जांभळी हाय, तिची शिव.

पऱ्हाटी भाऊ, ट्रॉफीचा निकाल आमच्या बगीच्यात असा लागला का कागद सेऊलपाशी राहू द्या. भाच्याले अजून पटलं नाई, तो म्हन्ते १९८५ ची तरी चुंगचॉन्गवाल्याईले द्या. ते उद्या पाहू, लाइन आली, मोटर सुरू करतो.