सत्तरीची आई एकटी जाऊन कोथिंबीर आणू शकते का? (अमेरिकेतली शहरं)

पायीपायी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी एका मित्राकडे जेवताना नेहमीचा वाद निघाला. अमेरिकेत राहायला शहर कुठलं चांगलं? कुणी शाळा काढल्या, कुणी घरांच्या किमती, कुणी हवा. मी आधी सात वर्षं ह्यूस्टनजवळ शुगरलँडला होतो, आता सहा वर्षं शिकागोत आहे, आणि दोन्हीकडे आई सहा-सहा महिने राहून गेली. त्यातून माझा एक निकष तयार झालाय. इथे ठेवतो, तुटून पडा.

सांगलीहून आलेली, गाडी न चालवणारी, इंग्रजी जेमतेम समजणारी सत्तरीची आई कुणालाही न विचारता घराबाहेर पडून कोथिंबिरीची जुडी घेऊन परत येऊ शकते का? येत असेल तर ते शहर. नसेल तर तिथे किती का उंच इमारती असेनात, मी त्याला शहर म्हणणार नाही.

शुगरलँडला आमचं चार बेडरूमचं घर, मागे अंगण, पुढे दोन गाड्यांचं गराज. सकाळी आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. पहिल्याच आठवड्यात आई उत्साहाने चपला घालून निघाली. कॉलनीचं फाटक संपलं तिथेच फुटपाथही संपला. पुढे गवत आणि सहा लेनचा रस्ता. पलीकडे दुकान दिसतंय, पण रस्ता ओलांडायची सोय नाही. तशीच परत आली. मग रोज संध्याकाळपर्यंत खिडकीत. एकदा म्हणाली, "अरे, इथली माणसं ठेवलीयत कुठे?"

शिकागोत आम्ही डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळ भाड्याने राहतो, विटांच्या जुन्या टू-फ्लॅटमध्ये (दोन मजली, मजल्याला एक घर) वरच्या मजल्यावर. चौथ्या दिवशी आई १५५ नंबरच्या बसने एकटी गेली. स्टॉपचं नाव तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तिने उतरायची खूण ठेवली साड्यांच्या दुकानाची. दीड तास झाला, आम्ही फोन करून हैराण. आली ती कोथिंबीर, मेथी आणि दोन बायकांची अख्खी माहिती घेऊन. एक हैदराबादची, दुसरी कराचीची. कराचीवालीला नुकताच नातू झालाय म्हणे.

(पटेल ब्रदर्स ह्या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ मध्ये ह्याच डेव्हनवर निघालं, हे जाता जाता.)

तर माझ्या हिशेबाने न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को ही शहरं. ह्यूस्टन, डॅलस, फीनिक्स, सॅन होजे ही गाड्यांची गावं, माणसांना तिथे फक्त पार्किंगपुरती जागा.

रिकामा_पंडित

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माई येतीलच.

बायूकाठची_माई

आले. अहो पायीपायी, शुगरलँडला राहून ह्यूस्टनवर निकाल देताय? कर्जतला राहून मुंबईला नावं ठेवावीत तसं झालं हे.

मी इथे २३ वर्षं आहे. ह्यूस्टनला झोनिंगचा, म्हणजे कुठे घर आणि कुठे दुकान हे आखून देणारा, कायदा नाही. घराला लागून टायरचं दुकान, त्याच्या बाजूला व्हिएतनामी खानावळ, पुढे देऊळ, देवळासमोर वकिलाची पाटी. तुमच्या त्या आखीव-रेखीव शहरांत हे खपेल का? अमेरिकेत राहून आपल्याकडच्यासारखा भेळभत्ता हवा असेल तर तो इथेच. हिलक्रॉफ्टला जा, त्या भागाला अधिकृतपणे महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट नाव दिलंय. कोथिंबीर तिथे ढिगाने.

आणि निकषाचंच म्हणाल तर माझा वेगळा आहे. २६ जुलै २००५ ला मी माहेरपणाला कुर्ल्यात होते, एका दिवसात ९४४ मिमी पाऊस काय असतो ते कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पाहिलंय. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळ आलं तेव्हा ह्यूस्टनच्या आसपास काही ठिकाणी चार-पाच दिवसांत १३०० मिमीच्या घरात पाऊस पडला. आमच्या गल्लीत पाणी खिडकीला टेकलं. सासूबाई तेव्हा ७३ च्या. एक अनोळखी माणूस, डोक्यावर टोपी, दाढी, मासेमारीची होडी घेऊन दारात आला. त्याने सासूबाईंना उचलून होडीत ठेवलं, वर त्यांची देवांची पेटी मांडीवर दिली आणि दुसऱ्या घराकडे वळला. नावसुद्धा विचारता आलं नाही. ती होडी त्याच्याकडे होती, कारण त्याच्याकडे पिकअप ट्रक होता, आणि तो ट्रक उभा करायला जागा होती. तुम्ही ज्याला गाड्यांचं गाव म्हणताय ना, तेच हे.

जर्नल_स्क्वेअर

माई, होडीचा मुद्दा जबरी. तरीही माझं मत पायीपायींना.

आम्ही जर्सी सिटीत. खाली उतरलं की नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर दाणे, पोहे, पानसुद्धा. पाथ गाडी (नदीखालून न्यूयॉर्कला जाणारी रेल्वे) दिवसरात्र चालते, वीसेक मिनिटांत मॅनहॅटन. वडील रोज सकाळी आठला निघून नदीकाठी एक्सचेंज प्लेसला जाऊन बसायचे, समोरच्या इमारती बघत. परत येताना पेपर आणि केळी. पुण्यात शनिपाराच्या कट्ट्यावर जायचे त्याच वेळेला. घड्याळसुद्धा बदललं नाही त्यांनी.

फक्त एक. न्यूयॉर्कच्या सबवेला ४७२ स्टेशनं आहेत आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखत असतील तर तुमचा निकष जिन्याखालीच राहतो.

सरळमार्गी

शिकागोकर म्हणवणारे शंभरातले नव्वद मराठी लोक नेपरव्हिल नाहीतर शॉमबर्ग ह्या उपनगरांत राहतात. न्यूयॉर्कवाले एडिसनला. सॅन फ्रान्सिस्कोवाले फ्रीमॉन्टला. शनिवारी मराठी शाळा, मग कॉस्टको, मग कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये सत्यनारायण. ह्या तिन्ही ठिकाणी डोळे बांधून नेऊन सोडलं तर कुठे आहोत ते फक्त बर्फावरून कळेल. शहरांच्या स्वभावावर बोलायचा आपल्याला कितपत अधिकार आहे? (हलके घ्या)

पायीपायी

@सरळमार्गी, नेपरव्हिलवर सहमत. म्हणूनच डेव्हनला राहतो, शाळेवरून बायकोची बोलणी खाऊन.

फ्रीमॉन्टची_शमा

आमच्यावर घसरलातच म्हणून लिहिते. लेक एलिझाबेथला संध्याकाळी पाच वाजता या. तळ्याभोवती फेरी मारणाऱ्यांत निम्मे आपल्याकडचे आजी-आजोबा असतात. आजोबा पुढे, हात मागे बांधून. आज्या दहा पावलं मागे, पायात पांढरे बूट, वर साडी किंवा पंजाबी ड्रेस. कोण कुणाच्या मुलाकडे आलंय, परतीचं तिकीट कधीचं, बीपीची गोळी कुठली, सगळं तिथे ठरतं. माझ्या आईला तिथे वर्गातली मैत्रीण भेटली, रत्नागिरीची. पन्नास वर्षांनी. तिथवर मी गाडीने सोडते, खरंय. म्हणून ते शहर नाही?

बे एरियाला (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागाला) नावं ठेवायचीच तर जागा चुकली तुमची. कराला ठेवा. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ हा कायदा मंजूर केला. त्यानुसार घराचा कर खरेदीच्या किमतीवर बसतो आणि वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढतो. शेजारच्या आजोबांनी ऐंशीच्या दशकात घर घेतलं. नकाशा तोच, अंगण तेवढंच, आणि मी भरते त्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे जुनं माणूस हलत नाही, नवीन माणसाला घर मिळत नाही. इथल्या गल्ल्यांचा स्वभाव काय, तर बसल्या जागेवरून न उठण्याचा.

सिअ‍ॅटलवासी_बेडूक

एक गैरसमज दूर करून पळतो. सिअ‍ॅटलचा वर्षाचा पाऊस न्यूयॉर्कपेक्षा कमी भरतो. फक्त तो एकदाचा पडून मोकळा होत नाही, ऑक्टोबरपासून नुसती भुरभुर. लोकही तसेच. हसतात, "एकदा भेटू या" म्हणतात, भेटत नाहीत.

तीन_नद्या

पिट्सबर्गला कुणी विचारतच नाही, नेहमीप्रमाणे. दोन नद्या मिळून तिसरी होते, ४४६ पूल आहेत, १८७० पासून चढावर जाणारी दोरखंडाची गाडी आहे आणि सत्तरच्या दशकातलं बालाजीचं देऊळ आहे. पण शहराचा स्वभाव बघायचा तर सिग्नलला बघा. दिवा हिरवा झाला की समोरून डावीकडे (इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आपल्याला आडवं) वळणाऱ्या पहिल्या गाडीला सरळ जाणारा माणूस थांबून आधी जाऊ देतो. कायद्यात बसत नाही, पण रस्ते अरुंद, मागची रांग तुंबू नये म्हणून पडलेली रीत. बाहेरून आलेला माणूस ह्यावर हॉर्न वाजवतो, आणि तो बाहेरचा आहे हे सगळ्यांना कळतं.

जर्नल_स्क्वेअर

प्रतिक्रिया काढून टाकली आहे. (चुकून दोनदा पडली.)

सरळमार्गी

पायीपायी, आता गंभीरपणे. तुमच्या निकषाला शिकागोनेच दिलेलं उत्तर माहीत आहे ना? जुलै १९९५. उष्णतेच्या लाटेत ७०० हून जास्त माणसं गेली. बरीचशी म्हातारी, एकेकटी राहणारी, खिडक्या बंद करून बसलेली. बस होती, फुटपाथ होता, कोपऱ्यावर दुकान होतं. उपयोग?

आणि जानेवारीत काय करता? ३० जानेवारी २०१९ ला उणे तीस सेल्सिअस होतं तुमच्याकडे. आई गेली होती का हो कोथिंबीर आणायला?

पायीपायी

आई ऑक्टोबरात परत जाते, तेव्हा जानेवारीचा मुद्दा मान्य. एका वर्षी मुक्काम लांबला तेव्हा तिची खिडकी इथेही होतीच, फक्त बाहेर बर्फ.

१९९५ बद्दल मात्र अर्धीच गोष्ट सांगितलीत. एरिक क्लाइननबर्ग ह्या समाजशास्त्रज्ञाने त्या लाटेचा अभ्यास केला. त्यात शेजारशेजारच्या दोन वस्त्या आहेत, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दुसरीला लोक लिटल व्हिलेज म्हणतात. ऊन तेच, गरिबी दोन्हीकडे, एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही साधारण सारखं. पण नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने बंद पडले, दुकानं गेली, प्लॉट ओस पडले. म्हातारी माणसं बाहेर पडायला घाबरायची. लिटल व्हिलेजच्या मुख्य रस्त्यावर मेक्सिकन दुकानांची गर्दी. तिथली म्हातारी माणसं रोज बाजारात जायची, त्या आठवड्यातही तशीच बाजारात आली, दुकानांच्या गारव्यात टेकली. मृत्यूचं प्रमाण तिथे कितीतरी कमी होतं. म्हणजे नुसता फुटपाथ पुरत नाही, त्यावर कोथिंबीर विकणारं कुणीतरी लागतं. मी हेच म्हणतोय.

बायूकाठची_माई

हे पटलं. पण मग तुमची यादी चुकली. तुम्ही अख्ख्या शहरांना पास-नापास केलंत, आणि आता स्वतःच सांगताय की एकाच शिकागोत एक वस्ती पास, शेजारची नापास. माझं हिलक्रॉफ्ट मग का नापास?

पायीपायी

…बरोबर आहे. यादी मागे घेतो. फीनिक्स सोडून.

तीन_नद्या

एक राहिलं. "माणसांना पार्किंगपुरती जागा" असं ह्यूस्टनला हिणवलंत. शिकागोत बर्फातून गाडी उपसल्यावर तिथे खुर्ची कोण मांडतं हो?

पायीपायी

सापडलो. हो, आमच्याकडेही एक गाडी आहे, महिन्याला चारदा निघते.

न जाणणाऱ्यांसाठी: बर्फ पडलं की रस्त्यावर लावलेली गाडी फावड्याने मोकळी करावी लागते. दोन तास खपून जागा केली की ती आपली. गाडी घेऊन जाताना तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून जायचं. ह्याला डिब्स म्हणतात. ही रीत जानेवारी १९६७ च्या बर्फापासून रुजली म्हणतात, तेव्हा एका झटक्यात ५८ सेंटिमीटर पडलं होतं. कायदेशीर काही नाही, महापालिका शेवटी येऊन खुर्च्या उचलून नेते. पण तोवर दुसऱ्याची खुर्ची हलवून गाडी लावायची हिंमत मी तरी केली नाही.

मुक्काम लांबला त्या वर्षी आईने वरून हे पाहिलं. मी खालून आमची तीन पायांची खुर्ची बर्फात रोवत होतो. वर आलो तर हसत होती. "म्हणजे मिरज स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच की रे." तेरा वर्षं अमेरिकेत राहून मला हे सुचलं नव्हतं.

फ्रीमॉन्टची_शमा

आईंनाच विचारा ना मग. त्यांना कुठलं शहर आवडलं? आपण सगळे इथे परस्पर भांडतोय.

पायीपायी

विचारलं. आत्ताच फोन झाला. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "शुगरलँड."

मी म्हटलं, अगं तिथे तू खिडकीत बसून असायचीस. तर म्हणे, "बसायचे. पण मागे अंगण होतं. तुळस बाहेर जगली, कढीपत्ता छातीएवढा झाला होता. शिकागोला तुळस आणलीस ती सप्टेंबर संपायच्या आत गेली." मग कराचीवालीच्या नातवाची चौकशी केली. कसा आहे ते मला माहीत नव्हतं. "रोज तिथनं जातोस आणि विचारत नाहीस?" म्हणाली आणि फोन ठेवला.

रिकामा_पंडित

धागाकर्ता स्वतःच्या धाग्यावर घरातूनच आउट.

बायूकाठची_माई

आईंना नमस्कार सांगा. तुळशीचं बी पाठवते, खिडकीत दक्षिणेला ठेवा. कढीपत्त्याचं रोप मात्र टेक्सासबाहेर पाठवता येत नाही, लिंबू-संत्र्यांच्या रोगामुळे क्वारंटाइन आहे. तो खायला इथेच यावं लागेल. होडीवाला नसेल, पण मी स्टेशनवर, म्हणजे विमानतळावर, गाडी घेऊन येईन.