जेमचं चिडवणं आणि ज्युरीतल्या बायका
'टु किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीत जेम त्याच्या धाकट्या बहिणीला, स्काउटला, मुलगी म्हणून हिणवतो ते भावंडांचं नेहमीचं चिडवणं, त्यात लिंगभेद कशाला शोधायचा, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. पहिल्या भागात ती जरा घाबरली की 'मुलीसारखी वागायला लागलीस' हा त्याचा हुकमी टोमणा असतो. आणि बारा वर्षांचा झाल्यावर हाच पठ्ठ्या तिला बजावतो, आता जरा मुलीसारखी वाग! म्हणजे दोन्हीकडून मार. गंमत म्हणजे त्याच सुमारास घरची स्वयंपाकीण कॅलपर्निया त्याला 'मिस्टर जेम' म्हणायला लागते. त्याची बढती होते, हिच्या वाट्याला शिस्त येते. फ्रॉकचा आग्रह धरणारी अलेक्झांड्रा आत्या तर त्यांच्या घरी राहायला नंतर येते, त्याआधीच हे घरात सुरू झालेलं असतं.

पण पोरांना एकट्यांना का झोडपायचं? त्यांच्या वकील वडिलांबद्दल, अ‍ॅटिकसबद्दल, कोणी बोलत नाही. त्याने लढवलेला खटला संपल्यावर तो मुलांना सांगतो की अलाबामात, म्हणजे कथा घडते त्या अमेरिकी राज्यात, बायकांना ज्युरीत बसता येत नाही. स्काउट आधी चिडते. मग तो बायका मध्येमध्ये प्रश्न विचारत बसतील असा विनोद करतो आणि ती दोघं हसतात, स्काउटसुद्धा. मला तो प्रसंग जेमच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त खटकतो. कथा 1930 च्या दशकातली म्हणून सोडून द्यावं, तर कादंबरी छापून आली 1960 मध्ये, आणि तेव्हाही हा कायदा तसाच होता. फेडरल (केंद्रीय) कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला थेट 1966 मध्ये.