किंग यांच्या शेवटच्या रविवारच्या प्रवचनासाठी कॅथेड्रलमध्ये उपासना: स्मरण की नुसता सोहळा?

पारावरचा
३१ मार्च १९६८ च्या रविवारी मार्टिन लूथर किंग वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये बोलले. चार दिवसांनी मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला. त्या प्रवचनाच्या आठवणीसाठी तिथेच खास उपासना ठेवणं मला पटत नाही. किंग व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले, गरिबांचा मोर्चा राजधानीत आणतोय म्हणाले. आता मागण्या बाजूला आणि मेणबत्त्या पुढे. शिवाय त्याच कॅथेड्रलमध्ये ली आणि जॅक्सन या अमेरिकी यादवी युद्धातल्या गुलामगिरीवाल्या बाजूच्या सेनापतींच्या रंगीत काचांच्या खिडक्या १९५३ पासून होत्या. काढल्या कधी, तर २०१७ मध्ये!

रानवारा
अहो, किंग स्वतः बॅप्टिस्ट पाळक, वडीलही पाळक. त्यांची आठवण चर्चमध्ये नाही काढायची तर कुठे? आणि खिडक्या काढल्या त्याही कॅथेड्रलवाल्यांनीच. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या, तेव्हा कॅथेड्रलच्या डीननीच (मुख्य पाळकांनीच) खिडक्यांचा विषय काढला. २०२३ पासून तिथे केरी जेम्स मार्शल यांनी केलेल्या खिडक्या आहेत, हातात फलक घेतलेल्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांच्या.

पारावरचा
६४ वर्षांनी आलेल्या शहाणपणाचं कौतुक तुम्हीच करा. रविवारी सकाळी अकराची वेळ ही अमेरिकेतली काळ्या-गोऱ्यांत सर्वांत विभागलेली वेळ, हे किंगनी याच प्रवचनात चर्चवाल्यांना तोंडावर सुनावलं होतं.

चहाबिस्कीट
भांडा, पण आधी प्रवचन पूर्ण वाचा. त्यात आपली मुंबईसुद्धा आहे. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. मुंबईत दहा लाखांवर लोक रात्री फुटपाथवर झोपतात, असं ते सांगतात (आकडा त्यांचा). पुढे म्हणतात, अमेरिका जादा धान्य साठवायला रोज लाखो डॉलर घालवते. ते फुकट साठवायची जागा मला माहीत आहे, भुकेल्यांची पोटं. उपासना खुशाल करा, पण एवढा भाग तरी व्यासपीठावरून मोठ्यानं वाचा. पुढच्या बाकांवरच्या बड्या मंडळींना जरा अवघडू दे की!

रानवारा
याला माझी ना नाही. पण वाचायलाही माणसं जमवावी लागतात, आणि ती उपासनेलाच जमतात.

पारावरचा
जमतात, गातात, घरी जातात. किंग गेल्यावरही तो मोर्चा मे महिन्यात आलाच. नॅशनल मॉल या राजधानीतल्या मोठ्या मैदानावर गरिबांनी प्लायवूडच्या झोपड्या बांधल्या, २४ जूनला पोलिसांनी वस्ती उठवली. त्या २४ जूनला कुठली घंटा वाजते, सांगा.