आयरिसला फुले का येत नाहीत : आधी खोली तपासा

तीन वर्षांत पाने भरपूर, पण फूल एकही नाही, ही आपली तक्रार दाढीवाल्या आयरिसबाबत (bearded iris, ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखे केस असतात) नेहमीची आहे, आणि पहिला संशय लागवडीच्या खोलीवर घ्यावा, असे मला वाटते. याचे मूलकांड आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे वाढते आणि त्याच्या पाठीला ऊन लागावे लागते. आपण हळद लावतो तसे ते खोल पुरले आणि वर भुशाचे आच्छादन घातले, तर फुले रुसतातच, शिवाय जिवाणूंमुळे मऊ कुज लागते, जिचा दुर्गंध सहजी विसरता येत नाही. न्यू जर्सीतील माझ्या वाफ्यात पहिल्या वर्षी मी नेमके हेच केले होते.

गर्दी हे दुसरे कारण. दर तीन-चार वर्षांनी जुलै-ऑगस्टमध्ये गड्डे उपटून, मधला जुना, पोकळ भाग टाकून द्यावा आणि बाहेरचे कोवळे फाटे, पाने सुमारे 15 सेंटिमीटरवर छाटून, 30 ते 45 सेंटिमीटर अंतरावर लावावेत. नत्रयुक्त खत, विशेषतः हिरवळीवर टाकतात ते, जवळ येऊ देऊ नये, कारण त्याने नुसती पानेच माजतात.

शरद ऋतूत वाळलेली पाने मात्र आवर्जून गोळा करून फेकावीत, कारण खोडकिड्याची अंडी हिवाळाभर त्यांवरच टिकतात. सायबेरियन आयरिस या दुसऱ्या प्रकाराला मात्र गड्डा उघडा, कोरडा ठेवण्याचे हे नियम लावू नयेत. त्याला ओल मानवते.