मदत हवी आहे: बँडसॉचं बेअरिंग किंचाळतंय, तेल घालू की ग्रीस?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ घराच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन वर्षांपूर्वी बेळगावहून जुना १४ इंची बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत, आणला. बिडाचा सांगाडा, १ एचपी सिंगल फेज मोटर. त्यावर फणस आणि शिवणीच्या फळ्या काढतो. पाट, चौरंग, मुलांची खेळणी करतो. या मशीनवर माझा जीव आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पावसाळ्यात मशीन जवळपास बंदच होतं. गंज चढेल या भीतीने हात पोचेल तिथे ग्रीस फासलं. टेबल तिरकं करायच्या कमानीला, पात्याचा ताण वाढवायच्या स्क्रूला, पात्याला जागेवर धरणाऱ्या गाईडच्या दांड्याच्या दात्यांना आणि गाईडच्या बेअरिंगांनासुद्धा. दिवाळीनंतर काम सुरू केलं आणि आठवड्याभरात त्या ग्रीसमध्ये भुसा कालवला जाऊन कणकेसारखा गोळा झाला. कमान हलवायला आता दोन्ही हात लागतात. रॉकेलने पुसून शिलाई मशीनचं तेल घातलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

पण खरी काळजी टेबलाखालच्या बेअरिंगची आहे, जे पात्याच्या पाठीला टेकतं. दहा मिनिटांत किंचाळायला लागतं. बंद करून, प्लग काढून हात लावला तर चटका बसतो. लाकूड लावलेलं नसलं तरी ते गरगर फिरत असतं. त्यावर ६०८झेडझेड असं कोरलंय. तेलाचे थेंब सोडले की आवाज जातो, पाऊण तासाने परत येतो. शिवाय वरच्या चाकाच्या रबरावर काळपट, कडक थर बसलाय आणि पातं मागे सरकतं.

बेअरिंग बदलू, की उघडून ग्रीस भरू? आणि कुठे तेल, कुठे ग्रीस, कुठे काहीच नको? अनुभवी माणसांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दादा, तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतंय. राळ आणि भुश्याच्या थराने रबराची गोलाई बिघडली, पातं मागे गेलं आणि पाठीमागच्या बेअरिंगवर सतत रेटू लागलं. ते बेअरिंग फक्त कापताना फिरायला हवं.

प्लग काढा, पातं उतरवा. चाक हाताने फिरवत कडक नायलॉन ब्रशने थर काढा, मग साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. रबराला रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. मग सगळी गाईड मागे घेऊन पातं चढवा, ताण द्या आणि वरचं चाक थोडंथोडं कलवत, हाताने फिरवून पातं मधोमध आणा. शेवटी पाठीमागचं बेअरिंग जवळ घ्या, मध्ये कागदाएवढी फट ठेवून.

६०८झेडझेड उघडत बसू नका. ते ८ मिमी भोकाचं, २२ मिमी व्यासाचं साधं बेअरिंग आहे, सहज मिळतं. मात्र २आरएस मागा. झेडझेडला पत्र्याची झाकणं असतात, बारीक भुसा आत शिरतो. २आरएसची रबरी झाकणं भुसा बऱ्यापैकी अडवतात. बाहेरून तेल घालायचं नाही, आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं.

ताणाच्या स्क्रूवर जोर खूप येतो, तिथे थोडं लिथियम ग्रीस हवंच. कमान आणि गाईडच्या दांड्याचे दाते रॉकेलने स्वच्छ करून, सुकवून मेणबत्ती घासा. मेणाला भुसा फारसा चिकटत नाही. टेबलावरही मेणच लावा, गंज धरत नाही. आणि काम संपलं की ताण सैल करत जा, स्प्रिंग आणि रबर दोन्ही टिकतात.

धागाकर्ता:

मनापासून आभार काका. रविवारी तुम्ही सांगितलं तसंच केलं. लाकूड नसताना बेअरिंग आता स्थिर राहतं, कमान एका हाताने सरकते. २आरएस आणलंय, उद्या बसवतो. मात्र थर निघाल्यावर रबराला बोटभर चीर दिसली. तेवढीच चिकटवून चालेल, की चाकावरचं पूर्ण रबर (टायर) बदलू?