मदत हवी आहे: केंटकीतला मांसाचा पाऊस, गिधाडांबद्दल विचारायचंय

३ मार्च १८७६, अमेरिकेत केंटकीच्या बाथ काउंटीत क्राउच नावाच्या बाई अंगणात साबण करत होत्या आणि निरभ्र आभाळातून चक्क मांसाचे तुकडे पडायला लागले, साधारण १०० बाय ५० यार्डात. दोन महाभागांनी ते चाखून पण बघितलं, म्हणे मटण नाहीतर हरीण असणार (धन्य ते!). मला यावर पॉडकास्टचा एपिसोड करायचाय. जुन्या बातम्या वाचून झाल्यात, नॉस्टॉक म्हणजे ते पावसानंतर फुगणारं जेलीसारखं शेवाळ असेल ही थिअरी मला पटत नाही कारण पाऊसच नव्हता, आणि मायक्रोस्कोपखाली फुप्फुस, स्नायू, कूर्चा दिसले होते. राहिली गिधाडांच्या ओकारीची थिअरी, तीच बहुतेक जण मानतात. गिधाडं घाबरली की ओकतात हे माहितीये, यूट्यूबवर पण बघितलं पण सगळे व्हिडिओ जमिनीवरचे. एलियन वगैरे नकोय प्लीज. पक्षीनिरीक्षणवाल्यांनी सांगा, उडता उडता एकाने ओकलं की बाकीची पण ओकतात असं कोणी प्रत्यक्ष बघितलंय का, आणि थवा इतक्या उंचीवर असू शकतो का की खालून दिसणारच नाही?