मदत हवी आहे : 'वन-आइड जॅक्स'ची चांगली प्रत कशावर पाहू?

नमस्कार मंडळी, मी जुने वेस्टर्न (काउबॉयचे) चित्रपट डिस्कवर जमवतो. 'वन-आइड जॅक्स' (१९६१) हा मार्लन ब्रँडोने दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट. अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा (म्हणजे कॉपीराइट न उरलेला) झाल्यामुळे कोणीही उठून त्याची स्वस्त डीव्हीडी काढली. माझ्याकडे तशीच एक आहे : रंग विटलेले, दोन्ही बाजूंची चौकट कापलेली. व्हिस्टाव्हिजनवर (रुंद, जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या चित्रीकरण पद्धतीवर) चित्रित केलेल्या त्या समुद्रकिनाऱ्याची अशी दशा बघवत नाही!

२०१६ साली क्रायटेरियन या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने नव्याने दुरुस्त केलेली प्रत ब्लू-रेवर आणली, पण ती रीजन 'ए'ची (डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते रीजनवरून ठरतं). आपल्याकडचे प्लेअर 'सी'चे, त्यामुळे ती इथे चालत नाही.

कोणी मल्टी-रीजन ब्लू-रे प्लेअर वापरतं का? भारतात कुठे मिळाला? रिमोटवरून कोड टाकून डीव्हीडीचं रीजन उघडतं हे माहीत आहे. ब्लू-रेचंही तसं कोणी केलंय का, की प्लेअरमध्ये वेगळी चिप बसवावी लागते?

आणखी एक. जॉन वेनचा 'एंजल अँड द बॅडमॅन' (१९४७) हाही हक्कांचं नूतनीकरण न झाल्याने मोकळा झालेला. त्याच्या ढीगभर आवृत्त्या आहेत. स्वतः पाहिलेली, आवाज स्वच्छ असलेली एखादी असेल तर कंपनीचं नाव नक्की सांगा.